कावसजीचं नाक



नाकावरून आपल्याकडं किती बोलणं चालतं, एकदा मोजून पाहा. पोरीनं मनाप्रमाणं लग्न केलं की घराचं नाक कापलं. सून उलटून बोलली की तिच्या नाकावर राग. जास्त शहाणपणा करणारी नाकानं कांदे सोलते. बैलाला वेसण घालतात तशी बाईलाही घालायची भाषा आहेच. यातलं 'नाक कापलं' आज नुसतं बोलण्यात राहिलं आहे. एके काळी ते खरोखर कापत असत. चोराचं कापत, फितुराचं कापत, लढाईत सापडलेल्या शत्रूच्या माणसाचं कापत. आणि नवऱ्याला संशय आला की घरात, चुलीपुढं, बाईचं कापत. शूर्पणखेची कथा आपण लहानपणापासून ऐकतो आणि नाशिकचं नाव त्यावरूनच पडलं असं लोक सांगतात. त्या कथेत नाक कापल्यावर पुढं युद्ध होतं, पण शूर्पणखेच्या चेहऱ्याचं काय झालं ते कोणी विचारत नाही. आम्ही आज तेच विचारणार आहोत. कापलेल्या नाकाचं लोक करत काय?

उत्तर असं, की काही जण नवीन नाक बनवून घेत. आणि ते बनवणारा कसबी माणूस आपल्या महाराष्ट्रात, पुण्याजवळ होता.

गोष्ट 1792 सालची. इंग्रज, पुण्याचे पेशवे आणि हैदराबादचा निजाम असे तिघं मिळून म्हैसूरच्या टिपू सुलतानाशी लढत होते. आपला वऱ्हाड तेव्हा निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांच्या अमलात होता, म्हणजे शेतसारा दोघांनीही ओढायचा. इंग्रजांच्या फौजेचं सामान बैलांवर लादून नेलं जाई. त्या बैलवाल्यांत कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी होता. तो शिपाई नव्हता. पोटासाठी बैल हाकणारा होता. टिपूच्या माणसांनी त्याला पकडलं आणि त्याचं नाक आणि एक हात तोडून सोडून दिलं. धान्य आणि सामान पोचवणाऱ्यांना दहशत बसली की फौज उपाशी मरते, असा तो हिशेब. यावरून कोणी धर्माची गोष्ट काढू नये, कारण ही शिक्षा सगळ्यांचीच होती. युरोपात ख्रिस्ती राजांनीही एकमेकांची नाकं कापली आहेत. सन 695 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या एका बादशहाचंच नाक कापून त्याला गादीवरून हाकललं होतं.

कावसजी त्या अवस्थेत श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या इंग्रजी फौजेत येऊन मिळाला. कंपनी सरकारनं त्याला पेन्शन लावली. एक वर्षाहून जास्त काळ तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसानं त्याला नवीन नाक करून दिलं. हा माणूस वैद्य म्हणून मिरवणारा नव्हता, शास्त्री पंडित नव्हता. त्याच्याविषयी इंग्रजी मजकुरात एवढंच लिहिलं आहे की तो विटा करणाऱ्या जातीचा होता. मातीत हात घालणारा माणूस. कावसजीचं नाव राहिलं, ज्या दोन इंग्रज डॉक्टरांनी असं काम होताना पाहिलं त्यांची नावं राहिली, कावसजीचं चित्र काढणाऱ्या जेम्स वेल्सचं नाव राहिलं. ज्याच्या हातात कसब होतं त्याचं नाव लिहून ठेवायची कोणाला गरज वाटली नाही. सुईणींची नावं तरी कुठं कोणी लिहून ठेवली?

आता ते नाक केलं कसं, हे नीट सांगतो, कारण ऐकण्यासारखं आहे. आधी मेणाची पातळ पोळी करून ती नाकाच्या उरलेल्या बुडावर बसवायची आणि तिला नाकाचा आकार द्यायचा. आकार जमला की मेण परत सपाट करून कपाळावर ठेवायचं आणि कडेनं रेघ मारायची. ब्लाउज बेतताना कागद कापडावर ठेवून खूण करतो, अगदी तसं. मग त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोलून काढायची, पण सगळी तोडायची नाही. दोन डोळ्यांच्या मधे, जिथं आपण टिकली लावतो त्याच्या खाली, कातडीचा एक बारीक देठ तसाच ठेवायचा. नाकाच्या जुन्या बुडाची वाळलेली कातडी खरवडून ताजी करायची, भोवती चीर पाडायची, कपाळाची कातडी खाली आणून अर्धी पिरगाळायची आणि तिच्या कडा त्या चिरेत बसवायच्या. वरून कात लावायचा. होय, पानाला लावतो तोच कात. पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांवर पसरायचा आणि अशा पाचसहा पट्ट्या एकावर एक ठेवायच्या. चार दिवस दुसरं काही नाही. मग पट्ट्या काढून तुपात भिजवलेलं कापड ठेवायचं. रोग्यानं पाचसहा दिवस उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून आत मऊ कापडाचे बोळे घालायचे. साधारण पंचविसाव्या दिवशी तो देठ कापायचा.

देठ कशासाठी, हे आपल्याला डॉक्टरांपेक्षा लवकर समजेल. आंब्याचं भेट कलम कसं करतात? रोपाची कुंडी झाडाजवळ टांगतात, फांदी आणि रोप दोन्ही थोडं तासून एकमेकांना बांधतात, पण फांदी मूळ झाडापासून तोडत नाहीत. जोड जिवंत होईपर्यंत फांदीला रस जुन्या झाडाकडूनच मिळतो. जोड पक्का झाला की मग कापतात. कपाळाचा देठ म्हणजे हेच. नवीन जागी रक्त सुरू होईपर्यंत कपाळानं नाकाला पोसायचं. त्या वीट करणाऱ्यानं रक्ताभिसरणाचं पुस्तक वाचलेलं नव्हतं. पण देठ तुटला की कातडी काळी पडते, हे त्याला आणि त्याच्या आधीच्या पिढ्यांना हातानं माहीत होतं.

ही विद्या फार जुनी. सुश्रुत संहितेत नाक जोडायची रीत दिली आहे. झाडाचं पान नाकाएवढं कापून माप घ्यायचं, त्या मापाची कातडी गालावरून काढायची, पण एका बाजूनं जोडलेली ठेवायची, नाकात दोन नळ्या घालायच्या म्हणजे श्वास चालू राहील, वरून ज्येष्ठमध वगैरेची पूड टाकून कापूस ठेवायचा आणि तिळाचं तेल सोडत राहायचं. तिथं गाल आहे, पुण्यात कपाळ आहे. मधल्या शेकडो वर्षांत कोणीतरी, बहुधा बऱ्याच जणांनी, कपाळाची कातडी जास्त बरी हे अनुभवानं ठरवलं असणार. हिमाचलच्या कांगड्यातही पिढीजात नाकं करणारी घराणी होती. आमचं मत विचाराल तर 'आपल्याकडं सगळं आधीच होतं' अशी छाती फुगवण्यात अर्थ नाही. पोथीतली विद्या पंडितांकडून सुटली आणि ती टिकवली हातानं काम करणाऱ्या लोकांनी. अभिमान धरायचा तर त्यांचा धरावा.

कावसजीचं ऑपरेशन झालं 1793 च्या सुमाराला. जानेवारी 1794 मध्ये त्याचं चित्र काढलं गेलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' नावाच्या मासिकात चित्रासकट सगळी हकिगत छापून आली. तिथले डॉक्टर चकित झाले. युरोपात इटलीच्या एका डॉक्टरनं 1597 साली दंडाच्या कातडीनं नाक करायचं पुस्तक लिहिलं होतं, त्यात हात डोक्याला बांधून कित्येक दिवस तसंच राहावं लागे. पण पुढं ती रीत मागं पडली होती. आता लंडनचा जोसेफ कार्प्यू हा डॉक्टर मासिकातली हकिगत वाचून आधी मुडद्यांवर सराव करत राहिला आणि ऑक्टोबर 1814 मध्ये त्यानं एका फौजी अधिकाऱ्यावर तेच ऑपरेशन केलं. 1816 मध्ये त्यानं पुस्तक छापलं. तिथून ते जर्मनीत गेलं, पुढं सगळीकडं. कपाळाच्या कातडीनं नाक करायच्या रीतीला जगभरचे डॉक्टर अजूनही 'इंडियन' रीत म्हणतात.

बायांचं काय, ते आता सांगतो. कावसजी पुरुष होता, लढाईत सापडला, म्हणून त्याची हकिगत छापली गेली. घरात नाक कापलेल्या बायकांची गोष्ट डॉक्टरांच्या लिहिण्यातून तेवढी डोकावते. इंदूरला कीगन नावाचा इंग्रज डॉक्टर होता, त्यानं 1900 साली नाकाच्या ऑपरेशनांवर पुस्तक काढलं. त्याच्याकडं येणाऱ्यांत नवऱ्यानं संशयावरून नाक कापलेल्या बायका बऱ्याच असत. गुजरातच्या जुनागढला डॉक्टर त्रिभुवनदास शहा यांनी 1889 मध्ये शंभर ऑपरेशनांची हकिगत छापली. तिथं डाकूही नाकं कापत आणि नवरेही. चार वर्षांत एका डॉक्टरकडं शंभर माणसं, यावरून अंदाज करा.

आणि हे संपलं असं कोणी म्हणू नये. चाकूच्या जागी ॲसिड आलं. हेतू तोच, की जी माझी होत नाही तिला चेहरा नको. 2013 साली कायद्यात ॲसिड हल्ल्यासाठी वेगळं कलम आलं. कमीत कमी दहा वर्षं शिक्षा, आणि कुठल्याही दवाखान्यानं, सरकारी असो की खासगी, अशा बाईवर फुकट उपचार करायलाच हवेत. पैसे भरल्याशिवाय हात लावणार नाही असं कोणी म्हणालं तर तो गुन्हा आहे. आपल्या गटाच्या वहीत हे लिहून ठेवा.

आता आपल्या मुलखाकडं येतो. वऱ्हाडात नाक जाण्याचं मोठं कारण तलवार नव्हती, कुष्ठरोग होता. त्याला आपल्याकडं महारोग म्हणत. या रोगाचे जंतू अंगाच्या थंड भागात वाढतात, आणि नाकाच्या आत श्वासाची हवा सारखी खेळत असल्यानं तिथं थंडावा असतो. आतली त्वचा आणि कूर्चा झडते, नाकाचा बांबू मोडल्यासारखा होतो आणि नाक बसतं. भुवया गळतात. माणूस लांबून ओळखू येतो आणि मग गाव त्याला बाहेर काढतं. अमरावतीला डॉक्टर शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 मध्ये तपोवन उभं केलं ते अशा हाकललेल्या माणसांसाठी. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला मिशनचा दवाखाना आहे. आपल्यातल्या जुन्या बायांना आठवत असेल, तपोवनात बनलेली वस्तू घरात आणायची की नाही यावर घरोघरी वाद होत.

गोळ्यांनी रोग बरा होऊ लागला तरी बसलेलं नाक बसलेलंच राही. रोग गेला, शिक्का राहिला. इथं डॉक्टर नोशीर अंटिया यांचं नाव घ्यावं लागतं. ते इंग्लंडला हॅरॉल्ड गिलीज यांच्याकडं शिकले. गिलीज म्हणजे पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांनी चेहरे उडालेल्या शिपायांना नवीन चेहरे देणारे डॉक्टर. अंटिया परत आले तेव्हा बहुतेक सर्जन कुष्ठरोग्याला हात लावत नसत. त्यांनी कुष्ठरोग्यांची नाकं, भुवया, हात दुरुस्त केले आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हे काम रुजवलं. कुष्ठरोगात बाहेरची कातडी शाबूत असते, आतलं अस्तर आखडलेलं असतं. म्हणून कपाळ न कापता आतून नवीन अस्तर लावलं की नाक उठतं. भुवईसाठी डोक्याच्या केसांची पट्टी आणतात. पुढं याच अंटियांनी रायगड जिल्ह्यात मांडव्याला खेड्यातल्या बायांना आरोग्याचं काम शिकवलं. मोठ्या दवाखान्यातला सर्जन म्हणत होता की गावचं बरंचसं आरोग्य गावच्या बाया सांभाळू शकतात. आशाताई येण्याच्या कितीतरी वर्षं आधीची ही गोष्ट.

एक गोष्ट मात्र 2019 पर्यंत चालू होती. नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग झाला या कारणावर घटस्फोट मिळत असे. गोळ्यांनी बरा होणारा रोग, गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट, आणि तरी कायद्यात हे कारण होतं. 2019 च्या दुरुस्तीनं ते काढून टाकलं. कोणी अजून ती धमकी देत असेल तर त्याला ही तारीख सांगा.

नागपूरचं मेडिकल आपल्याला ठाऊकच आहे. अकोल्याचा, अमरावतीचा अवघड पेशंट तिकडं पाठवतात. तिथं डॉक्टर सी. बालकृष्णन यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. फाटलेला ओठ आणि टाळू किती प्रकारचे, याची त्यांनी केलेली विभागणी डॉक्टर लोक 'नागपूर वर्गीकरण' म्हणून ओळखतात. ग्रहणात भाजी चिरली म्हणून लेकराचा ओठ फाटला असं अजूनही गरोदर बाईला ऐकवतात. तिच्या चिरण्यानं काही होत नाही. ओठ साधारण तीन महिन्यांनंतर आणि टाळू वर्षाच्या आसपास शिवतात. तोवर लेकराला दूध कसं पाजायचं हे नर्सबाईकडून शिकून घ्यायचं, कारण ओठाआधी त्याचं वजन वाढायला हवं.

आणि शेवटी खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना. निंदणाला गेलं की पदराला पुडी, बांधावर बसलं की चिमूट गालात. गुटख्यावर राज्यात 2012 मध्ये बंदी आली, पण खर्रा पानठेल्यावर घोटतच असतात. घरी दात घासायला गुल किंवा मशेरी, ती 'व्यसन' म्हणून मोजायचीच नाही. सुपारीनं गालाची आतली कातडी ताठ होते, तोंड उघडेनासं होतं. भाकरीचा घास लहान लहान होत जातो. मग पांढरा चट्टा, मग न भरणारी जखम, मग गाठ. आमच्या ओळखीची एक बाई आठ महिने तिखट खात नव्हती. घरात सगळ्यांना वाटलं, उपास वाढवले आहेत.

गालाचा किंवा जबड्याचा कॅन्सर कापला की तिथं भोक पडतं. अन्न बाहेर येतं, लाळ गळते. ते भोक भरायला 1960 नंतर डॉक्टरांनी काय वापरलं असेल? कपाळाची कातडी. कावसजीचीच रीत, नाकाऐवजी गालासाठी. नंतर 1979 पासून छातीचा स्नायू आणि वरची कातडी देठासकट मानेखालून वर आणायची रीत आली. तीही भेट कलमासारखीच. आपल्याकडं अजून ती पुष्कळ चालते. तिच्यानं बाईच्या छातीची ठेवण एका बाजूला ओढली जाते. हे ऑपरेशनच्या आधी विचारावं, लाजू नये.

त्याही पुढची रीत म्हणजे वरुड-मोर्शीच्या बागेत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात तशी. इथं देठ ठेवतच नाहीत. मनगटाजवळची कातडी किंवा पायाच्या नळीतलं बारकं हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसकट पूर्ण तोडून काढतात, चेहऱ्यावर बसवतात आणि मोठं दिसणाऱ्या यंत्राखाली केसाहून बारीक धाग्यानं रक्तवाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना शिवतात. पायाच्या त्या हाडाचा जबडा होतो आणि माणूस चालूही शकतो, कारण अंगाचा भार दुसरं जाड हाड पेलतं. ऑपरेशन आठ-दहा तासही चालतं. पहिले काही दिवस नर्स तासातासाला येऊन नवीन कातडीचा रंग पाहते, कारण रक्त थांबलं तर लगेच परत उघडावं लागतं.

खर्चाची भीती सगळ्यांना असते. सरकारची महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. ती 2012 मध्ये दुसऱ्या नावानं सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपली अमरावती होती. कॅन्सरची ऑपरेशनं त्यात बसतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटायचं. मुंबईचं टाटा रुग्णालय 1941 पासून आहे, पण प्रत्येक गोष्टीसाठी मुंबईच गाठायची गरज नाही. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजींच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय आहे.

ऑपरेशननंतरचे महिने मात्र बाईचे एकटीचे असतात. नाकातल्या नळीतून पेज, तोंड उघडायचे व्यायाम, जड जीभ, शब्द समजत नाहीत म्हणून तिच्याऐवजी नवराच उत्तर देतो. पंगतीत ती बसत नाही, हळदीकुंकवाला तिला बोलावणं जात नाही. कावसजीच्या कपाळावरचा वण काळानं फारसा दिसेनासा झाला असं त्या इंग्रजी मासिकानं लिहिलं होतं. गावातल्या बाईचा वण लोक रोज नव्यानं पाहतात. गटाच्या बैठकीत अशी बाई असेल तर ती बोलेपर्यंत थांबावं लागतं, तिचं वाक्य मधेच कोणी पूर्ण करू नये.

पुढच्या भागात तोंड घरी कसं तपासायचं ते सांगणार आहोत. बैठकीला येताना एक टॉर्च आणि हाताचा आरसा आणा. आपली तीन बोटं एकमेकींना चिकटवून उभी तोंडात जातात का, ते तोवर घरी करून पाहा. तोंडातली कुठलीही जखम तीन आठवड्यांत भरली नसेल, तर पुढच्या भागाची वाट न पाहता उद्याच दवाखान्यात जा.